उमामामाच्या चौदा फ्लॉप्या

आमच्या घरात वस्तू हरवत नाही, ती "बाहेर" जाते. हा उमामामाचा शब्द. आई स्वयंपाकघरातून विचारते, "अण्णा, किसणी बघितलास काय कुठं?" आणि मामा गच्चीवरच्या खोलीतून, पेपर खाली न ठेवता, नाकातून, एका सुरात सांगतो, "किसणी. एक. परवापासून बाहेर. शेजारच्या प्रतिमाअक्का. नोंद आहे."

शेवटचे दोन शब्द तो रबरी शिक्का मारल्यासारखे दाबून म्हणतो. मी ते इतके हुबेहूब काढते की एकदा जिन्यावर मी बोलले आणि खालून आईनं "सरी अण्णा", बरं अण्णा, म्हणून उत्तर दिलं.

उमाकांत तेलकर, वय त्रेपन्न, माझ्या आईचा थोरला भाऊ. बेंगळूरच्या बनशंकरीतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत, पाण्याच्या टाकीशेजारी राहतो. घड्याळाचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात तो तेवीस वर्षं टूल रूम सांभाळत होता. कामगार खिडकीशी यायचा, आपल्या नंबराचं पितळी टोकन द्यायचा. मामा त्याला पाना किंवा कानस काढून द्यायचा, टोकन त्या वस्तूच्या रिकाम्या खिळ्याला अडकवायचा आणि कार्डावर लिहायचा. संध्याकाळी वस्तू परत आली की टोकन परत. तेवीस वर्षांत एक व्हर्नियर तेवढी गेली, आणि ती कुणी नेली हे मामाला आजही पाठ आहे. लग्न केलं नाही. बाबा म्हणतात, "स्थळं आली होती. पण दिलेली वस्तू परत करायची नसते म्हटल्यावर तुझा मामा गडबडला."

शहाण्णव साली कारखान्यानं जुन्या माणसांना एकगठ्ठा घरी बसवलं. मामा सहा महिने आमच्याच घरातल्या वस्तूंना नंबर घालत राहिला. माझ्या शाळेच्या डब्यालाही होता. सतरा.

मग त्याला प्रताप आठवला.

"पाणबुड्या प्रताप" हे मामाच्या लहानपणचं चित्रांचं मासिक. आपल्याच गावात, चिकपेटेतल्या एका बारक्या छापखान्यात निघायचं. मराठीत, कन्नडात आणि इंग्रजीत. डोक्यावर पितळी शिरस्त्राण घातलेला प्रताप दर महिन्याला पाण्यात उडी मारायचा आणि बुडालेलं काहीतरी वर काढायचा. जहाज, देवळाची घंटा, एकदा अख्खी आगगाडी. बेंगळूरला समुद्र नाही म्हणून इथल्या पोरांना ते फार आवडत असावं. एकूण दोनशे चार अंक निघाले, छापखाना बंद पडला, मालक कुठं गेले कुणाला माहीत नाही, आणि कुठला अंक काय होता याची यादी जगात कुठंही नव्हती. मामाच्या ट्रंकेत एकसष्ट अंक होते. बाकीचे एकशे त्रेचाळीस बाहेर होते, आणि कुणाकडे, त्याची नोंद नव्हती. ही गोष्ट तो पोटदुखी सांगितल्यासारखी सांगायचा.

त्याच सुमारास कोपऱ्यावरच्या टेलरच्या दुकानावर रविकुमारचं ब्राउझिंग सेंटर निघालं, तीन कॉम्प्युटर आणि एक फोन लाइन. रविकुमार प्रत्येक इंग्रजी शब्दाला शेपूट लावतो. माउसू, सर्वरू, लाइनू. लाइन तुटली की म्हणतो, "लाइनू स्वल्प कोपात आहे अण्णा." मामा तिथं कुणाचा तरी अर्ज छापून आणायला गेला आणि दोन तासांनी आला तो बदलून आला.

"सुलभा," तो आईला म्हणाला, "रविकुमार म्हणतो, डेटाबेस करू या. जगात कुणीही, कुठूनही बघायचं. कुठला अंक कुणाकडे आहे, एका पानावर."

"म्हणजे काय रे ते?"

"टूल रूम," मामा म्हणाला. "खिडकी तेवढी मोठी."

दोन वर्षं त्यानं ते केलं. रविवारी ॲव्हेन्यू रोडच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगाशी उकिडवा बसायचा. मराठी मंडळ, कन्नड संघ, वाचनालयं, सगळीकडे पत्रं घालायचा: आपणांकडे "पाणबुड्या प्रताप"चा कुठला अंक असल्यास कार्डावर नंबर, नाव, चित्रकार आणि अंकाची स्थिती कळवावी. कार्डं यायची. दर शनिवारी तो सेंटरवर बसून एका बोटानं ती टाइप करायचा, इंग्रजी लिपीत, कारण मराठी अक्षरं प्रत्येकाच्या पडद्यावर उमटतीलच असं नव्हतं. मग रविकुमार ते पानावर चढवायचा. पान एका अमेरिकन कंपनीच्या फुकट जागेवर होतं. काम झालं की मामा सगळं फ्लॉपीवर उतरवून घ्यायचा आणि रविकुमारच्या कॉम्प्युटरमधून पुसून टाकायला लावायचा.

"असू दे की अण्णा, जागा भरपूर आहे," रविकुमार म्हणायचा.

"दुसऱ्याच्या कपाटात आपलं सामान ठेवायचं नाही."

आणि कार्ड? ते तो परत करायचा. नोंद झाली की तेच कार्ड पाकिटात घालून, कोपऱ्यात "नोंद झाली, आभारी आहे" लिहून, ज्याचं त्याला टपालानं. वस्तू आली की टोकन परत. आई म्हणायची, "ठेवून घे की रे एका डब्यात." मामा तिच्याकडे असा बघायचा, जणू तिनं कामगाराचं टोकन खिशात घालायला सांगितलं.

पानाखाली एक आकडा होता, किती जणांनी बघितलं ते सांगणारा. गणपतीच्या सुमारास तो चारशे बारावर गेला. बाबा जेवताना म्हणाले, "अभिनंदन, उमाकांतराव. चारशे बारापैकी चारशे आपणच ना?"

"तीनशे एकोणनव्वद," मामा म्हणाला. "नोंद आहे."

त्याचं सगळ्यात लाडकं कार्ड आनेकलहून आलं होतं, बसवंत नावाच्या माणसाचं. त्याच्याकडे एकसष्ट नंबरचा अंक होता, पण बायकोनं तो फळीवर अंथरला होता आणि लोणच्याच्या तेलानं तो फळीला चिकटला होता. मामा बसनं आनेकलला गेला. बसवंतची बायको विठाबाई बरण्या उतरवत होती आणि हा स्टुलावर उभा राहून, मान तिरपी करून अंक वाचत होता. घरी येऊन त्यानं मला सगळं करून दाखवलं, विठाबाईसकट. "वाचा सायब, वाचा, पर त्या कोपऱ्याला हात लावू नगा, मिठाची बरणी हाय." डेटाबेसमध्ये त्यानं लिहिलं: अंक एकसष्ट. मालक, बसवंत, आनेकल. स्थिती, फळीवर. हलवता येत नाही. वाचता येतो, वाकून.

तो हसून सांगत नव्हता. खरोखरच ती स्थिती होती.

त्याच्या आधी, जुलैमध्ये, निपाणीहून एक फोन आला होता. पानावर मामानं आमच्या घरचा नंबर दिला होता, बाबांना न विचारता. मी फोन घेतला, आणि पलीकडचा आवाज ऐकूनच मला तो घट्ट धरून ठेवावासा वाटला, इतका तो नक्कल करण्याजोगा होता. "नमस्कार, मी निपाणीवरनं पुरुषोत्तम बोलतोय. बूथवरनं बोलतोय, जरा गडबडीनं सांगतो. ते प्रतापचं पान तुमचंच न्हवं?"

मी मामाला हाक मारली आणि स्पीकरचं बटण दाबलं. आमच्याकडे फोन कधीच एकट्यानं ऐकत नाहीत.

पुरुषोत्तमचे वडील साइनबोर्ड पेंटर. साठ साली चार महिने ते बेंगळूरला त्या छापखान्यात होते आणि त्यांनी एका अंकाची चित्रं काढली होती, एकाच, अठ्ठ्याऐंशी नंबरच्या. शेवटच्या पानाच्या तळाला त्यांचं नाव छापलं होतं. घरातली प्रत कुणीतरी वाचायला नेली, ती गेलीच.

"बाहेर गेली," मामा म्हणाला.

"आता गावात कुणी पटवून घेत न्हाई ओ काका. बाबांना म्हणत्यात, तू बंगळूरला पाटीच रंगवायला गेला असशील. चहाच्या गाड्यावर रोज चेष्टा. एकदा तर बाबाच मला म्हणाले, मला तरी नीट आठवतंय का रे पुरू? तुमच्या यादीत अठ्ठ्याऐंशीसमोर काईच न्हाई, म्हणून म्हटलं इचारावं."

"खिळा रिकामा आहे," मामा म्हणाला. "पण खिळा आहे, म्हणजे वस्तू आहे. अजून माझ्या खिडकीशी आलेली नाही."

"मग बाबांना काय सांगू? आहे म्हणून सांगू?"

"तोंडी काही सांगू नका. तोंडी सांगितलेलं टूल रूममध्ये चालत नाही. नोंद झाली की पानावर दिसेल. नाव, गाव, मालक. ते दाखवा."

फोन ठेवल्यावर मामा त्याच खुर्चीत बसून राहिला. तेवीस वर्षांत खिडकीशी लोक पाना मागायला आले, हातोडी मागायला आले. आपल्या बापाचं नाव मागायला पहिल्यांदाच कुणीतरी आलं होतं. त्या दिवसापासून बाकीचे अंक मागे पडले. तो फक्त अठ्ठ्याऐंशी शोधू लागला. अडीचशे कार्डं घातली असतील. पुरुषोत्तम दर महिन्याला बूथवरून फोन करायचा, "आलं का ओ?" आणि मामा म्हणायचा, "येईल." पुरुषोत्तमकडे स्वतःचा फोन नव्हता. त्याचा आला की पलीकडून ट्रकचे हॉर्न ऐकू यायचे.

दसऱ्याच्या आदल्या शनिवारी कार्ड आलं. पोस्टमन अकराला येतो. मामा जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरला, जे त्याला डॉक्टरांनी बंद केलं होतं. हिरव्या शाईत लिहिलेलं कार्ड, बायकी, तिरकं अक्षर. त्यानं आम्हांला शेवटची ओळ तेवढी वाचून दाखवली: "अंक ८८, स्थिती बरी, अखेरच्या पानावर खाली चित्रकाराचे नाव आहे." आणि नाव तेच होतं. पुरुषोत्तमच्या वडिलांचं.

"कुणाचं कार्ड आहे?" आईनं विचारलं.

"पानावर दिसेल," मामा म्हणाला. नोंद व्हायच्या आधी मालकाचं नाव सांगायचं नाही, हाही एक नियम. त्या नियमाची किंमत तेव्हा आम्हांला कुणालाच कळली नाही.

तो लगेच सेंटरवर गेला. मी बरोबर होते, कारण माझी शाळा दसऱ्यासाठी बंद होती आणि मला रविकुमार ऐकायचा होता. मामानं अठ्ठ्याऐंशीची ओळ टाइप केली, फ्लॉपीवर उतरवली, कॉम्प्युटरमधून पुसायला लावली, आणि मग रविकुमारनं पान उघडायला लाइन लावली. लाइन लागली तेव्हा आधी ईमेलवर एक पत्र दिसलं. दोन आठवड्यांपूर्वीचं. मधले दोन शनिवार रस्ता खणल्यामुळं सेंटरचा फोनच मेला होता, म्हणून ते कुणी वाचलं नव्हतं. फुकट जागा देणारी कंपनी ती जागा बंद करणार होती. सोमवारी. ज्यानं त्यानं आपलं सामान काढून न्यावं.

"आता करतो अण्णा, पान उतरवून घेतो, दुसऱ्या सर्वरूवर..." रविकुमार म्हणाला, आणि फोन गेला. पुन्हा खणत होते बहुतेक. तासभर वाट बघितली. शेवटी मामानं डबा बंद केला. चौदा फ्लॉप्या, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात.

"असू दे. सगळं ह्यात आहे. पान काय, खिडकी आहे. एक बंद झाली तर दुसरी पाडू."

घरी येताना त्यानं कोपऱ्यावरच्या लाल पेटीत पाकीट टाकलं. हिरव्या शाईचं कार्ड, "नोंद झाली, आभारी आहे." मी बघितलं, वरचा पत्ता तेवढा वाचला नाही. पेटीचं झाकण त्यानं दोनदा वाजवलं, पाकीट आत पडलं का ते ऐकायला.

रविवारी लाइन नव्हती. सोमवारी आयुधपूजा, म्हणजे खंडेनवमी.

आयुधपूजा म्हणजे मामाचा दिवस. कारखान्यात टूल रूमची पूजा तेवीस वर्षं त्यानंच केली. आदल्या दिवशी सगळी हत्यारं रॉकेलनं पुसायची, सकाळी मांडायची, गंध लावायचं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत एकालाही हात लावायचा नाही. मोठे साहेब आले तरी नाही. आणि गंध कुठं लावायचं याचा त्याचा कडक कायदा होता: दांडा माणसाचा, धार देवीची. पान्याला जबड्यात, कानशीला दातांवर, मायक्रोमीटरला टोकावर. दांड्याला गंध लावणाऱ्या नव्या पोरांना तो पुन्हा पुसायला लावायचा. हाच कायदा आमच्या घरी. विळीला पात्यावर, मशीनला सुईवर. एके वर्षी बाबांनी विचारलं, "स्कूटरची धार कुठली हो?" मामानं दोन दिवस विचार केला आणि सांगितलं, "ब्रेक."

सोमवारी सकाळी आठलाच रविकुमार दारात. हातात चुरमुरे-डाळ्याची पुडी, कपाळावर टिळा. "अण्णा, लाइनू आली. आजचा दिवस आहे. माझी पूजा व्हायच्या आधी अर्धा तास उघडतो. देवी ॲडजस्ट करते."

मामा गेटाशी दृष्ट काढून फोडायचा कोहळा घेऊन बसला होता, वरची टोपी कापून आत कुंकू भरत होता. "आज आयुधाला विश्रांती," तो म्हणाला.

"अजून पूजा झाली नाही अण्णा, चालतं."

"तुझी झाली नाही. माझी सुरू झाली." त्यानं चाकूवरचं कुंकू पुसलं. "तेवीस वर्षांत मी कुणाला आजच्या दिवशी पाना दिला नाही, रवी. स्वतःला कसा देऊ? उद्या दसरा. उद्या तुझ्याकडे येतो, मुहूर्तावर नवीन पान चढवू. डबा आहे ना माझ्याकडे."

रविकुमारनं माझ्याकडे बघून खांदे उडवले. मी पण उडवले. मला ते छान जमलं.

आत आईनं पाटावर सगळं मांडलं होतं. विळी, कात्री, मशीनची सुई, माझी कंपासपेटी, बाबांचा कापडदुकानातला गज आणि मधोमध, मामानं स्वतः मांडलेल्या, चौदा फ्लॉप्या, डब्यातून काढून, नंबराप्रमाणं. ह्या वर्षी पहिल्यांदाच. त्याच्या म्हणण्याप्रमाणं आता त्याचं आयुध तेच. मी चुरमुऱ्यात डाळं मिसळत शेजारी बसले होते.

आईनं कुंकवाची वाटी घेतली. ओलं कुंकू, ओली हळद, अक्षता. विळी झाली, कात्री झाली. मग ती थांबली.

"अण्णा, ह्या चपट्यांना कुठं लावू?"

"कितीदा सांगायचं, सुलभा," मामा गेटाशीच, पाठ करून. "दांड्याला नाही. धारेला."

"ह्यांना धार कुठली?"

"काम करतं तिथं लाव."

आईनं एक फ्लॉपी उचलली, उलटी केली, सुलटी केली, कडेकडेनं चाचपली. मग तिचा अंगठा त्या पत्र्याच्या झाकणाला लागला आणि झाकण सरकलं. आत तपकिरी, गुळगुळीत, चमकणारं काहीतरी.

"अय्यो, हे बघ की," ती मला म्हणाली, आनंदानं, "आत चाक आहे."

तिनं अनामिका हळदीत बुडवली, टेकवली. कुंकवात बुडवली, टेकवली. वर एक अक्षत. बोट काढलं तसं झाकण आपोआप मिटलं, टप्प. "किती शहाणी वस्तू. गंध लावून घेतली की दार लावून घेते." तिनं चौदाही तशाच केल्या, एकही चुकवली नाही, एकीलाही बाहेरून डाग पडू दिला नाही. मी हसत होते. मला ते टप्प आवडलं, मी तोंडानं करून दाखवलं.

मामानं आत येऊन पाटाकडे बघितलं. विळी बघितली, सुई बघितली. फ्लॉप्यांवर बाहेरून काहीच दिसत नव्हतं. "ह्यांना लावलंस?"

"लावले की. तू सांगितलास तसंच."

"सरी," मामा म्हणाला, आणि गेटाशी जाऊन कोहळा आपटला.

मंगळवारी दसरा. दुपारी तीनचा मुहूर्त मामानं पंचांगात बघितला होता. तो धुतलेला शर्ट घालून, डबा काखेत घेऊन सेंटरवर गेला. मीही गेले. रविकुमारच्या तिन्ही कॉम्प्युटरना झेंडूच्या माळा होत्या. त्यानं आधी जुनं पान उघडून बघितलं. तिथं पांढरं, एक इंग्रजी वाक्य, बाकी काही नाही. चारशे बाराचा आकडाही नाही.

"होगली बिडु अण्णा," रविकुमार म्हणाला, जाऊ दे, "नवीन करू." त्यानं पहिली फ्लॉपी आत घातली.

तो आवाज मी तेव्हापासून कुणालाही काढून दाखवलेला नाही, येतो तरी. दगडावर कानस घासावी तसा. मग खट, मग पुन्हा घासणं. रविकुमारनं ती काढली, दुसरी घातली. तोच आवाज. तिसरीला आवाजच आला नाही. त्यानं बटण दाबून ती काढली, झटकली, आणि टेबलावर, माउसच्या शेजारी, पिवळा तांदळाचा दाणा पडला.

रविकुमारला शेपूट लावायला शब्द सापडेना. "एनण्णा इदु," एवढंच, काय हे.

मामानं फ्लॉपी हातात घेतली, अंगठ्यानं झाकण सरकवलं. आत सुकलेलं हळदकुंकू, मधोमध, बोटाच्या पेराएवढं. 

"बरोबर जागी लावलंय," तो म्हणाला.

रविकुमारनं उरलेल्या अकराही उघडून बघितल्या, एकेक करून, आणि एकेक करून परत डब्यात ठेवल्या. त्याच्या ड्राइव्हचंही काम आटोपलं होतं. त्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही, हे त्याला शोभलं.

घरी आई दारातच सोनं म्हणून आपट्याची पानं घेऊन उभी. "चढवलास?"

"बाहेर आहे," मामा म्हणाला आणि वर गेला.

आईला मी सांगितलं. मी रविकुमारचा आवाज काढून सांगत होते आणि निम्म्यात बंद केलं, कारण ती खाली बसली होती. मग तिनं गुलाबपाणी आणलं, कापूस आणला, कान साफ करायच्या काड्या आणल्या. तीन दिवस ती त्या पुसत होती. चौदा फ्लॉप्या ताटात, वर मलमलीचं फडकं, गच्चीवर पापडांसारख्या वाळत. मामाच्या खोलीच्या दारासमोर. शेवटी तीच जिन्यावरून ओरडली, "शिव्या तरी दे की रे अण्णा."

"कशाला? सांगितलं तसं केलंस," मामा आतून म्हणाला. "तुझ्याकडे चूक निघत नाही."

आईला शिव्या चालल्या असत्या.

नंतर मामानं एक यादी करायला घेतली, कुणाकुणाचं काय आठवतं त्याची. एका वहीच्या पानावर वीस-बावीस नावं झाली. कार्डं ज्याच्या त्याच्या घरी परत गेली होती. पत्ते फ्लॉपीवर होते. पत्त्याशिवाय पत्र कुठं घालणार? एक पत्ता त्याला पायांनीच पाठ होता. दिवाळीच्या आधी तो आनेकलला गेला.

बसवंतच्या स्वयंपाकघराला नवा चुना दिला होता. फळी कोरी, पिवळी, लाकडाची रेघ न् रेघ दिसत होती.

"खरवडला सायब," विठाबाईनं सांगितलं. "लई तेलकट झाला हुता. हे म्हणाले, असू दे त्यो, सायबांनी वाचलाय. मी म्हटलं, सायबांनी वाचलाय, लिवून ठेवलाय, आता आपल्याला कशाला पायजे."

हे मामानं मला करून दाखवलं नाही. नुसतं सांगितलं. मी माझ्या मनानं आवाज लावला.

नोव्हेंबरच्या मधल्या आठवड्यात, दुपारी जेवताना फोन वाजला. मी उचलला, पलीकडं ट्रकचा हॉर्न. मी स्पीकर लावला नाही, पण पुरुषोत्तम बूथवरून बोलताना असा ओरडतो की स्पीकर लागत नाही. मामा हात न धुताच उठला.

"काका, पान कुठं गेलं ओ? महिना झाला, उघडतच न्हाई."

"बंद पडलं," मामा म्हणाला.

"मग अठ्ठ्याऐंशी?"

"सापडला." मामाचा आवाज जरा वर गेला. "कार्ड आलं. शेवटच्या पानावर तुमच्या वडिलांचं नाव आहे. मी वाचलं."

 मग पुरुषोत्तम, "कुणाकडं हाय? कुठल्या गावात? मी उद्याच निघतो काका, सांगा."

मामा उष्ट्या हाताची मूठ करून उभा होता. "हिरवी शाई होती," तो म्हणाला. "बाईचं अक्षर. तिरकं. तिकिटावर शिक्का..." तो थांबला. "शिमोगा. नाही. दावणगेरे असेल. 'द'वरून होतं काहीतरी."

"नाव?"

मामानं डोळे मिटले. आई ताटावरून त्याच्याकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते, जणू तिला ठाऊक असतं तर तिनं पुढं केलं असतं.

"काका, नाव?"

"नोंद नाही," मामा म्हणाला.

शिक्का मारल्यासारखा नाही. नुसते शब्द.

"म्हणजे," पुरुषोत्तम हळू झाला, इतका की मला कान पुढं करावे लागले, "म्हणजे तुम्ही बी बाबांसारखंच सांगताय. बघितलंय म्हणून."

"हो."

"बरं. बाबांना सांगतो. आता तसं म्हणणारी दोन माणसं झाली." तो हसायला बघत होता, वाईट वाटू नये म्हणून. "बूथवाला हाका मारतोय. ठेवतो, काका. तब्येतीला जपा."

फोन तुटला. मामानं तो खाली ठेवला नाही. कानाला तसाच धरून भिंतीकडे बघत उभा राहिला, आणि त्यातली ती एकसुरी धून आम्हांला सगळ्यांना ऐकू येत होती. आईनं भातावर आमटी वाढली, कुणालाही नको असताना. एरवी बाबांनी काहीतरी टाकलंच असतं. ते पाणी प्यायले, भांडं खाली ठेवलं.

"ठेवा आता, उमाकांतराव," ते म्हणाले. "एखादा फोन यायचा."

"कुणाचा?" मामा म्हणाला.